थोरलीची झाकलेली विहीर

मोटार चालू होती. म्हणजे मोटारीचा आवाज चालू होता. पाण्याचा पत्ता नव्हता.

थोरली परसात पाइपाच्या तोंडाशी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, एक हात कमरेवर, दुसरा पाइपाच्या तोंडापुढे धरलेला. हाताला लागत होता तो नुसता वारा, आणि तोही धड नाही. मध्येच फुस्स, मध्येच फुर्र, एखाद्या म्हाताऱ्याने जेवून उठल्यावर ढेकर द्यावेत तसा.

"आई, चालू आहे गं मोटार!" लेक मोटारीच्या खोपीतून ओरडला.

"ऐकू येतंय. आवाजाने टाकी भरली असती तर तुला नुसतं बोलायला लावलं असतं. विजेची गरजच नव्हती."

लेकाने मोटार बंद केली. थोडा थांबला. पुन्हा चालू केली. या लेकाचा एक मोठा गुण होता. एखादी गोष्ट करून जमली नाही, की तो तीच गोष्ट जशीच्या तशी पुन्हा करायचा, आणि या खेपेला जमेल अशा तोंडाने आईकडे बघायचा. असं त्याने सकाळपासून इतक्या वेळा केलं होतं की खटक्याला घाम फुटायचा बाकी होता.

"बंद कर ती! जळाली तर तिच्या जागी तुला जुंपीन."

मोटार गप्प झाली. परसात एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत थोरलीने रोपाकडे पाहिलं.

खरं दुखणं तिथं होतं. परसाच्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या सावलीखाली, मिरचीच्या रोपाचे वाफे होते. बोटभर वाढलेलं, गर्द, देठ कसा काळसर हिरवा. गावातली निम्मी मिरची दरसाल याच वाफ्यांतून निघून शेतात जायची. बी थोरलीचं, राख थोरलीची, पाणीही थोरलीच्याच हातचं. सुनेला गवत उपटायची परवानगी होती, तीही थोरली समोर बसलेली असताना. हल्ली बाजाराच्या गावात कुणीतरी रोपवाटिका काढली होती. तिथं प्लॅस्टिकच्या ताटल्यांमधून रोप मिळायचं. "ताटलीतलं रोप ताटलीतच शोभतं," असं थोरलीने चारचौघांत सांगून ठेवलं होतं, आणि चारचौघांनी मान डोलावून तिच्याकडेच रोप सांगून ठेवलं होतं. परवापासून लोक न्यायला येणार होते.

काल सकाळी वाफ्यांना पाणी दिलं होतं. संध्याकाळी द्यायचं तर मध्येच वीज गेली, मोटार थांबली, ती थांबलीच. आज सूर्य असा तापायला लागला होता की जणू त्याला कुणी मुद्दाम सांगून पाठवलं होतं. वाफ्यांची माती वर पांढरी पडली होती आणि कडेच्या रोपांनी माना टाकायला सुरुवात केली होती.

"विहीर आटली असेल," लेक म्हणाला.

बोलून गेला आणि दोन पावलं मागे सरला.

"कुणाची विहीर?" थोरलीने हळू आवाजात विचारलं. तिचा आवाज हळू झाला की घरातले लोक भांडी आवरून ठेवत.

"आपली नाही गं... म्हणजे आपलीच, पण..."

"दगड टाक."

लेकाने खडा घेतला आणि विहिरीजवळ गेला. आता विहिरीजवळ गेला म्हणजे काय, तर स्लॅबवर चढला. कारण विहीर दिसतच नव्हती. विहिरीवर थोरलीने स्लॅब घातला होता. आणि तो का घातला होता, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा परसात मधोमध भिंत आली. विहीर थोरलीकडे गेली आणि धाकटीला, म्हणजे तिच्या जावेला, पलीकडून येऊन पाणी शेंदायची मुभा राहिली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी धाकटीचा पोहरा दोर तुटून विहिरीत पडला. तिने गळ टाकला, पोहरा वर काढला, आत पाहिलं आणि म्हणाली, "जाऊबाई, नुसता गाळ आलाय हो यात. विहीर उपसून घ्यायला झाली."

एवढंच. याच्यापुढे एक अक्षर बोलली नाही बिचारी.

पण थोरलीच्या विहिरीत गाळ? चार बायकांसमोर? दुसऱ्या आठवड्यात गवंडी आला. थोरली स्वतः उन्हात उभी राहिली आणि लोखंड दाट टाकून, सिमेंटात हात आखडता न घेता, विहिरीचं तोंड काठापासून काठापर्यंत बंद करून घेतलं. गवंड्याने विचारलंसुद्धा, "बाई, माणूस उतरायला एक झाकण ठेवूया का?"

"झाकण ठेवलं की ते उघडायला माणसं येतात," थोरली म्हणाली.

"पण पाइप कधी वर काढायचा झाला तर?"

"पाइप काय माहेरी जाणार आहे?"

मग गवंड्याने फक्त पाइप जाईल एवढं भोक ठेवलं. त्या भोकातून दोरी सोडता येईल अशी शंका थोरलीला आली, म्हणून पाइपाभोवतीची फटही तिने सिमेंटाने लिंपून घेतली. हवेला जायला कडेने एक बोटभर नळी ठेवली. पालीलासुद्धा आत जायचं तर अंग चोरून जावं लागलं असतं.

धाकटीने आपल्या परसात बोअर मारली. पाणी लागलं, भरपूर लागलं, आणि खारट लागलं. त्या पाण्याला साबणाचा फेस यायचा नाही, त्यात डाळ शिजायची नाही. थोरलीला ही बातमी कळली त्या दिवशी तिने अगदी साधा चेहरा ठेवायचा प्रयत्न केला होता. जमला नव्हता.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. म्हणजे तोंडावर बंद. बाकी दोघी दिवसभर बोलायच्या, पण म्हशीशी. म्हैस थोरलीची, बांधलेली भिंतीला लागून. इकडून थोरली तिला सांगायची, तिकडून धाकटी तिला सांगायची, आणि म्हैस दोन्हीकडचं ऐकून घेऊन रवंथ करत बसायची. दोघींचे नवरे मात्र सख्ख्या भावांसारखे बाजारच्या दिवशी एका बाकावर बसून चहा प्यायचे आणि घरी येताना वेगवेगळ्या वाटांनी यायचे. आज बाजारच होता. म्हणजे घरात शहाणं माणूस थोरली एकटीच.

तर लेकाने त्या बोटभर नळीतून खडा सोडला. सगळ्यांनी कान दिला.

डुबुक.

"ऐकलंस?" थोरलीचा चेहरा उजळला. "आटली म्हणे! तुझी अक्कल आटली."

"मग मोटार का ओढत नाही?"

"ते तू सांगायचं. कॉलेजात मला घातलं होतं का?"

शेवटी मोटारवाल्याला बोलावलं. त्याला गावात डॉक्टर म्हणायचे, कारण तो मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. औषधही डॉक्टरसारखंच द्यायचा. सुरुवातीला बरं वाटायचं. आल्या आल्या त्याने डोळे मिटले.

"हवा धरलीय काकू."

"ते मला पाइपाने सकाळीच सांगितलं. पाणी कधी धरेल ते सांग."

"असं आहे, मोटारीच्या पोटात आणि खालच्या पाइपात पाणी भरलेलं असेल तरच ती पाणी वर ओढते. रिकामी असली की नुसती हवा घुसळते. ते पाणी खाली उतरून गेलंय. वरून भरावं लागेल. आणा पाणी."

"पाणी आणण्यासाठीच तर मोटार आहे रे!"

"आधी तिला पाजायचं, मग ती आपल्याला पाजते," डॉक्टर म्हणाला.

"वा. अगदी तुझ्यासारखीच की."

सून पाण्याची घागर घेऊन आली. डॉक्टरने मोटारीच्या माथ्यावरचं बूच काढलं, नरसाळं लावलं आणि ओतायला सांगितलं. घागर गेली. कळशी गेली. मग पिण्याचा माठ उचलून आणला, तोही गेला. सुनेने धुणं भिजवलेली बादली आणली. डॉक्टरने त्यातले लेकाचे दोन बनियन बाजूला काढून तीही ओतली. नरसाळ्यात पाणी काठापर्यंत चढायचं, सगळे श्वास रोखायचे, आणि मग गुळगुळ करत ते खाली खाली जायचं.

"ही काय पाहुणी आहे का?" थोरली म्हणाली. "नको म्हणायचं माहीतच नाही हिला."

डॉक्टरने रिकामी बादली खाली ठेवली आणि डोकं खाजवलं.

"काकू, खालचा फूटव्हॉल्व बसत नाही. पाइपाच्या तळाला झडप असते. पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. त्या झडपेत काहीतरी अडकलंय. वरून सिमेंटाचा खपला बिपला पडला असेल."

थोरलीने स्लॅबकडे पाहिलं नाही. आभाळाकडे पाहिलं.

"काही अवघड नाही," डॉक्टर पुढे म्हणाला. "पाइप वर घ्यायचा, झडप साफ करायची, परत सोडायचा. नाहीतर नुसता पाइप धरून खालवर हिसकला तरी खपला निघून जातो पुष्कळदा." तो उठून पाइपाजवळ गेला. दोन्ही हातांनी पाइप धरला आणि हिसका दिला. पाइप हलला नाही. डॉक्टर हलला. त्याने खाली वाकून पाहिलं. "हे... सिमेंटात कुणी बसवलं?"

सून घागरीला पडलेला पोचा बघायला लागली.

"बरं, विहिरीत उतरतो मग. कुठून उतरतात?"

"त्या नळीतून," लेक म्हणाला आणि आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तोच त्या नळीतून जायला तयार झाला असता.

"मग दुसरा इलाज एकच," डॉक्टर म्हणाला. "झडप गळते, पण सगळी उघडी नाही. गळतंय त्याच्यापेक्षा जास्त पाणी एकसारखं भरत राहिलं आणि त्याच धारेत मोटार सुरू केली, तर ती पाणी धरेल. एकदा धरलं की बंद करेपर्यंत चालेल. पण बादलीचं काम नाही ते. सतत धार पाहिजे. कुणाचा चालू पाइप आहे का जवळपास?"

आणि तेवढ्यात, अगदी तेवढ्यातच, भिंतीपलीकडे बोअर सुरू झाली. पाण्याची जाड धार दगडावर आपटल्याचा आवाज आला. आणि त्या आवाजावरून धाकटीचा आवाज आला.

"काय गं म्हशे, आज कोरडीच का बसलीयस? अंग धुतलं नाही का कुणी?"

डॉक्टरचा चेहरा फुलला. "हे बघा, आहे की! सांगा त्यांना..."

"तू जा," थोरली म्हणाली.

"पण काकू..."

"तुला दुसऱ्या मोटारी असतील ना बघायला? जा. डोळे मिटून जा."

डॉक्टर गेला. थोरलीने पहार उचलून लेकाच्या हातात दिली.

"फोड."

"काय?"

"स्लॅब. माणूस उतरेल एवढं भोक पाड. माझी विहीर, माझा स्लॅब. मला कुणाच्या धारेची गरज नाही."

लेकाने पहार हाणली. ठण्ण करून ती उलटी फिरली आणि त्याच्या खांद्यात कळ गेली. पुन्हा हाणली. ठिणगी उडाली. स्लॅबवर नखाएवढा ओरखडा उमटला. तासभर त्याने अंगातलं सगळं जेवण त्या स्लॅबवर खर्च केलं आणि एवढा खळगा पडला की त्यात चिमणीला अंघोळ करता आली असती, पाणी असतं तर.

आणि खरं सांगायचं तर थोरलीला आतून बरंच वाटत होतं. "बघ, बघ कसा आहे! माझ्यासमोर ओतलाय. दुसऱ्या कुणी घातला असता तर पहिल्या दणक्याला पडला असता." मग तिच्या ध्यानात आलं की आपण कुणाची स्तुती करतोय.

"आई," सून वाफ्यांपाशी उभी होती. तिने हाक मारली ती कधी मारायची नाही अशा आवाजात. "हे बघायला या."

थोरली गेली. आता कडेचीच नाही, मधली रोपंही झुकली होती. पानं उलटी वळून पोटाकडे मिटली होती, लहान पोराने तापात हाताच्या मुठी कराव्यात तशी. थोरलीने एक पान चिमटीत धरलं. चामड्यासारखं लागलं.

"अजून जीव आहे त्यांच्यात," सून म्हणाली. "दुपार उलटायच्या आत पाणी मिळालं तर उठतील. नाहीतर..."

"नाहीतर काय ते मला शिकवू नकोस."

"पलीकडचा पाइप सरळ वाफ्यांवरच घेतला तर?"

"मिठाच्या पाण्यात बुडवते का रोप? उन्हाने संध्याकाळपर्यंत मरतील, त्या पाण्याने आत्ता मरतील. ते मोटारीला चालेल, लोखंडाला काय. रोपाला विहिरीचंच पाहिजे."

एवढं बोलून ती थांबली. म्हणजे हिशेब तिचा तिनेच करून दिला होता. खारं पाणी मोटारीला, मोटार गोड पाणी रोपाला. मध्ये फक्त एक भिंत होती, कपाळाएवढ्या उंचीची, आणि त्या भिंतीला म्हैस बांधलेली होती.

"म्हशे," थोरलीने गळा साफ केला, "सांग पलीकडे, पाणी उगाच वाया घालवू नये माणसाने. इकडे तिकडे कुणाच्या उपयोगी पडेल असं बघावं."

पलीकडून उत्तर आलं, "म्हशे, सांग त्यांना, आमचं पाणी खारट. चार बायकांत बसून हसण्यापलीकडे त्याचा काय उपयोग?"

म्हशीने कान हलवला आणि शेपटी झटकली. तिने यात पडायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

थोरली भिंतीपाशी गेली. पदर सारखा केला. टाचा उंचावल्या.

"ऐकतेस का गं?"

धाकटी हातातला पाइप धरून वर बघायला लागली. मग मागे बघितलं, मग म्हशीकडे. "मला म्हणताय का हिला?"

"हिला पाइप धरता येत असता तर हिलाच म्हटलं असतं."

"बोला मग."

"मोटारीने हवा धरलीय."

"कळलं. सकाळपासून अख्ख्या गावाला कळतंय. पहारीचा आवाजही आला. स्लॅब छान झालाय हो जाऊबाई."

"ते माहितेय मला. पाइप इकडे टाक."

"टाकते की. पण 'पाणी दे' म्हणा."

"काय?"

"'पाणी दे' म्हणा. दोन शब्द आहेत. तुम्हाला दिवसाला दोन हजार येतात."

थोरलीचा चेहरा त्या स्लॅबसारखा झाला. ती काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर धाकटीच्या परसात गेली. कितीतरी महिन्यांनी ती भिंतीवरून इतकं आत बघत होती. कोपऱ्यात वाफे होते. नीट आखलेले, कडा मारलेले. आणि वाफ्यांवर पांढरी साय धरली होती, मीठ शिंपडल्यासारखी, आणि तिच्यातून करपलेल्या काड्या वर आल्या होत्या. त्यापलीकडे धाकटीचं शेत. सऱ्या पाडून तयार, ओळीत, कोऱ्या पाटीसारख्या. लावायला एक रोप नाही.

"काय पेरलंयस वाफ्यात?" थोरलीने विचारलं. "राख?"

धाकटीने पाइप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मिरची," ती शेवटी म्हणाली. "दोनदा पेरली. उगवते आणि करपते."

"ताटलीतलं आणायचं."

"तुमच्या दिराला ताटलीतलं पटत नाही. म्हणे वहिनीच्या वाफ्यासारखं नसतं." हे सांगताना धाकटीला दात दुखल्यासारखं होत होतं. "सऱ्या पाडून बसलेत. मी म्हटलं, जा मग वहिनीकडे. म्हणे तू जा."

थोरलीला आत कुठंतरी गार वाटलं, आणि आजच्या दिवसात तिला लागलेला तो पहिला गारवा होता.

"बरं," ती म्हणाली. "'रोप द्या' म्हण."

"आधी तुम्ही म्हणा."

"मी थोरली आहे."

"म्हणून तर. आधी मान थोरल्यांचा."

ऊन चढत होतं. बोअरचं पाणी दगडावरून वाहून चाललं होतं, वाफ्यांमधली माती तडकत होती, आणि दोघी भिंतीच्या दोन बाजूंना ओठ मिटून उभ्या होत्या. लेक पहार टेकून बघत होता. त्याला हे सगळं बघायला पाणी नसलं तरी चाललं असतं. सून मात्र पुढे आली.

"दोघी एकदम म्हणा," ती म्हणाली. "पण लवकर म्हणा. रोपं तुमच्या म्हणण्याची वाट बघत नाहीत."

दोघींनी तिच्याकडे एकाच नजरेने पाहिलं. मग थोरलीने भिंतीकडे बघत, धाकटीने म्हशीकडे बघत, दोघींनी एकदम आणि इतकं पुटपुटत काहीतरी म्हटलं की कोण काय म्हणालं ते तिथं उभ्या असलेल्या कुणालाही कळलं नाही. पण दोघींचं समाधान झालं. दोघींनाही वाटलं की आपण म्हटलं नाही आणि समोरचीने म्हटलं.

पाइप भिंतीवरून आला.

लेकाने त्याच्या तोंडाला चिंधी गुंडाळली आणि ते मोटारीच्या माथ्यावरच्या भोकात कोंबलं. पलीकडून धाकटीने कॉक पूर्ण सोडला. मोटारीच्या पोटात पाणी शिरायला लागलं. बुडबुडे वर आले, गुळगुळलं, चिंधीच्या कडेने पाणी फवारलं आणि लेक भिजला. "थांब, हवा निघू दे सगळी," थोरली सांगत होती. "थांब म्हणते ना. आता बुडबुडा आला की घाई करू नकोस. अजून एक. अजून... आता!"

सुनेने खटका ओढला. मोटार ओरडली. तीच कोरडी, घसा बसलेली ओरड. पाइपातून फुस्स आलं. फुर्र आलं. थोरलीचा हात पाइपाच्या तोंडापुढे होता. वारा, वारा, थेंब, वारा. "बंद करू?" लेकाने विचारलं. "हात लावशील तर बघ!"

आणि मोटारीचा आवाज बदलला. रिकाम्या पोटाने किंचाळणारी ती भरल्या पोटाने घुमायला लागली. पाइप जागच्या जागी थरथरला, एक गढूळ पिचकारी थोरलीच्या लुगड्यावर आली आणि तिच्या मागोमाग मनगटाएवढी धार.

"बूच लाव! बूच!" लेकाने चिंधीसकट पाइप काढून बूच आवळलं. धार तुटली नाही.

सून पाट फोडून पाणी वाफ्यांकडे न्यायला धावली तेव्हा थोरलीने तिला अडवलं. "पहिलं पाणी नाही. त्यात हिचं मीठ आहे. जाऊ दे ते मोरीत." मग तिने ओंजळ भरली, चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली, पुन्हा थुंकली. तिसऱ्यांदा प्याली. "आता."

पाणी वाफ्यांत शिरलं. तडकलेल्या मातीने आधी सूं करून ते आत ओढलं, मग हळूहळू काळी पडली. रोपं लगेच काही उठली नाहीत; रोपं काही नाटकातली नसतात. पण ऊन कलायला लागलं तेव्हा मधल्या ओळींनी मुठी सोडल्या आणि पानं उघडली. थोरली गोणपाटाच्या सावलीच्या खांबाला टेकून बसली होती. तिने फक्त डोक्यावरचा पदर काढून त्याने तोंड पुसलं.

धाकटी सांजेला टोपली घेऊन आली. भिंतीवरून नव्हे, पुढच्या दाराने.

"घे," थोरली म्हणाली आणि कडेच्या ओळीकडे बोट केलं, सगळ्यांत जास्त भाजलेल्या.

धाकटी बसली, कडेच्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही आणि मधल्या वाफ्यातलं जाड देठाचं एक रोप बोटांनी मातीसकट उचललं. उचलायची तऱ्हा चांगली होती. मूळ तुटलं नव्हतं.

"ते नाही. ते लोकांना सांगितलेलं आहे."

"हो का?" धाकटीने मोटारीच्या खोपीकडे बघितलं. मोटार अजून घुमत होती. ती बंद करायची कुणाची छाती होत नव्हती. "मोटार फार वेळ चाललीय नाही? तापेल. बंद करून येऊ का जरा?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं.

"मधलं घे," ती म्हणाली.

टोपली भरत आली. थोरली बघत बसली होती, आणि बघता बघता तिच्या मनात काहीतरी टोचायला लागलं. टोपलीत जात होतं ते तिचं रोप होतं. तिचं बी, तिची राख. उद्या ते त्या कोऱ्या सऱ्यांमध्ये उभं राहणार, येणारी जाणारी माणसं थांबून बघणार.

"कुठलं पाणी देणार याला?" तिने विचारलं.

"आमचंच. दुसरं कुठलं आहे?"

"करपेल."

"करपलं तर करपलं. आमचं नशीब."

"तुझं नशीब कसलं त्यात!" थोरली ताडकन उठली. "लोक तुझं नशीब बघणार आहेत का? लोक म्हणतील, थोरलीच्या रोपात दम नव्हता. बांधावरून जाणारा हरेक जण म्हणेल. मिठाच्या पाण्यात माझं रोप लावलंस तर माझ्याशी गाठ आहे."

"मग कुठल्या पाण्यात लावू?" धाकटीने विचारलं.

इतक्या भोळेपणाने विचारलं की लेकाने मान खाली घातली आणि सुनेला खोकला आला. थोरलीने मोटारीकडे पाहिलं, स्लॅबकडे पाहिलं, पाटातून वाहून मोरीत चाललेल्या जास्तीच्या पाण्याकडे पाहिलं.

"त्या पाइपाचं टोक उचल," ती लेकाला म्हणाली.

"कुठं लावू?"

"माझ्या डोक्याला लाव! मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला लाव आणि दुसरं टोक हिच्या सऱ्यांत सोड. आणि आधी त्यातलं खारट निघून जाऊ दे."

पाइप भिंतीवर होताच. फक्त पाणी उलट्या दिशेने निघालं. धाकटी टोपली कमरेवर घेऊन उठली.

"रोज लागेल हो, जाऊबाई. मुळं धरेपर्यंत तरी."

"माहितेय."

"आणि फुलात आल्यावर तर जास्तच."

"मेले, आजच बसून तोडणीपर्यंतचं सगळं मागून घेशील!"

"मी?" धाकटी दारात थांबली. "मी कुठं काय मागितलं?"

थोरलीने मनातल्या मनात सकाळपासूनचं सगळं बोलणं उलटं सुलटं करून तपासलं. बाई खरं बोलत होती.